ओरिजिनल नाना

नानांना ‘गाडी चालते का?’ असं विचारू नये. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “चालायला काय, रिक्षासुद्धा चालते.”

नाना राहतात सदाशिवात, पण असतात नाना पेठेत. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं तिथे, म्हणून. बुधवार-रविवारी मात्र ते जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगासमोर उकिडवे बसलेले सापडायचे. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत हा नेम चुकला नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्या या जमातीची माणसं सहज ओळखू येतात. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी शिसपेन्सिल, पिशवीत कोथिंबिरीखाली व्हर्निअर, आणि ‘डुप्लिकेट’ हा शब्द उच्चारताना तोंडावर आंबट ढेकर आल्याचा भाव. मिस्त्री लोक यांना दुरून ओळखतात आणि चहा प्यायला निघून जातात.

नानांची गाडी मॉरिस एट. 1938 सालची, सीरिज टू. नावातला ‘एट’ म्हणजे आठ हॉर्सपावर, आणि ही आठची भानगड नाना कुणालाही रस्त्यात उभं करून सांगतात. विलायतेत त्या काळी मोटारीवरचा कर पिस्टनच्या रुंदीवरून ठरायचा, तो किती खोल धावतो हे कुणी विचारत नसे. मग मॉरिसवाल्यांनी सिलिंडर केला 57 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ठेवली 90. “आपल्या पेठेतली घरं कशी,” नाना म्हणतात, “रस्त्याकडे दीड खण तोंड आणि आत परसदारापर्यंत बोगदा. तस्संच!” चार सिलिंडर मिळून 918 सीसी. पिस्टन कटिंगच्या ग्लासाशेजारी ठेवला तर चटकन कळणार नाही कुठला कशाचा. (नानींना एकदा कळला नव्हता.)

तर बॉनेटखाली 918 सीसीचं इंजिन होतं आणि घराण्यात चाळीस वर्षं सगळे सुखात होते. मग नाना निवृत्त झाले.

पहिला संशय डायनॅमोवरून आला. लुकस कंपनी आपल्या मालावर महिना-साल ठोकायची. नानांनी घासलेटाच्या बोळ्यानं काजळी पुसली तर खाली 1950 साल. 1938 च्या गाडीत 1950 चा डायनॅमो, म्हणजे आजोबांच्या तोंडात नातवाचा दुधाचा दात! नानांनी इंजिन उघडलं. सीरिज टूच्या कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाईट मेटल वितळवून ओतलेलं असतं. ते ओतायचं आणि मग मापात कातायचं. इथे निघाल्या तयार, सुट्या बेअरिंगच्या वाट्या. नाना तीन दिवस जेवले नाहीत, असं ते सांगतात. नानी म्हणतात, दोन वेळा.

निदान झालं. इंजिन मॉरिसचंच, 918 सीसीचंच, पण युद्धानंतरच्या मायनरचं. सुरुवातीच्या मायनरला त्याच घराण्यातलं इंजिन बसवायचे, त्यामुळे कुणा जुन्या मिस्त्रीनं कधीतरी बिनबोभाट अदलाबदल उरकली असावी. ब्लॉकवर नंबराची चकती नव्हती, फक्त रिव्हेटची दोन भोकं होती. नाना त्या भोकांकडे नाकातली चमकी चोरीला गेलेल्या देवीकडे पाहावं तसे पाहत बसत.

तेव्हापासून नाना ‘खऱ्या’ इंजिनाच्या शोधात आहेत. कुठे काही दिसलं की पेन्सिल निघते. आरटीओत चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात, तसे नाना दिसेल त्या लोखंडाचे छाप घेतात. आमच्या मुंजीच्या पत्रिकेच्या पाठीमागे चोर बाजारातल्या एका सिलिंडर हेडचा नंबर आहे. परवा एक तरुण मोठ्या उत्साहानं मॅनिफोल्ड घेऊन आला. “नंबर तंतोतंत जुळतो, नाना!” नाना दयेनं हसले. “बाळ, हा उठावदार नंबर साच्याचा. एकाच साच्यातून निघालेलं ओतीव दोन ठिकाणी वेगळं कापलं की दोन वेगळे भाग होतात. आडनाव जुळलं म्हणून कुणी चुलत भावाला नवरदेव म्हणून उभा करतं का?”

हे बोलायचा त्यांना अधिकार कितपत, हा प्रश्न आहे. पोटच्या मुलीचं लग्न त्यांनी पत्रिका न पाहता, नोंदणी पद्धतीनं, वीस मिनिटांत लावलं. पण एसयू कार्बोरेटरची ती इवलीशी नंबराची पट्टी, जी फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली असते आणि पहिला मिस्त्री पहिल्याच दिवशी फेकून देतो, ती नाही म्हणून त्यांनी आठ कार्बोरेटर नाकारले.

आणि बोल्ट! या विषयावर नाना सुरू झाले की मी घड्याळ काढून ठेवतो. मॉरिसची इंजिनं जिथे बनत, तो कॉव्हेन्ट्रीचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. 1923 मध्ये मॉरिसनं तो विकत घेतला तेव्हा यंत्रं फ्रेंच मापाची, म्हणजे बोल्टचे आटे मेट्रिक. पण इंग्लंडभर पाने विटवर्थ मापाचे. मग तोडगा निघाला: आटे फ्रेंच, डोकं इंग्रज! असले बोल्ट वर्षानुवर्षं बनत राहिले. त्यात आठ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे एक मिलिमीटर अंतरावर, आजच्या दुकानी बोल्टचे सव्वा. नवा बोल्ट दोन फेरे गोडीनं जातो आणि तिसऱ्याला अडतो. अनोळखी मिस्त्री तिथे जोर लावतो. “जोर लावला की बिडाचे आटे गेले,” नाना सांगतात, आणि त्यांचा आवाज खरोखर कापतो. चेष्टेच्या भरात मी हे सगळं लिहितोय खरं, पण हातात बोल्ट घेऊन नुसत्या नखानं आटे मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

2021 साली सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, वीस हजार रुपये फी, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. वर, अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला काढायची. रोजच्या वापराला नाही. नानांना आयुष्यात प्रथमच एखादा कायदा मनापासून पटला. “बघ, सरकारसुद्धा विचारत नाही, चालते का म्हणून.” मायनरचं इंजिन पोटात ठेवून अर्ज करायला मात्र त्यांचा हात धजेना. मी म्हटलं, “नाना, कोण उघडून बघणार आहे?” पुढचे दोन महिने माझ्याशी अबोला.

तो अबोला गुडघ्यांनी मोडला. दोन्ही एकाच वेळी बदलले. मी इस्पितळात गेलो तर नाना उशाशी फाईल घेऊन बसलेले आणि नानी खिडकीबाहेर पाहत असलेल्या.

“काय म्हणतायत गुडघे?” मी विचारलं. चालता का, हे मुद्दाम विचारलं नाही.

नानांनी फाईल माझ्यापुढे धरली. आत बसवलेल्या भागांची स्टिकरं एका पानावर ओळीनं चिकटवली होती. डाव्यावर एक लॉट नंबर, उजव्यावर दुसरा.

“जुळत नाहीत,” नाना हळू आवाजात म्हणाले.

“अहो नाना, डावा-उजवा वेगळाच असणार ना!”

“ते मी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. तेही हेच म्हणाले.” त्यांनी चादरीवरून दोन्ही गुडघ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. “पण आत बसवलंय त्यावर पेन्सिल कशी घासणार?”