रा. रा. अपोफिस यांस, अंजनगाव सुर्जीहून

रा. रा. लघुग्रह क्रमांक ९९९४२ ऊर्फ अपोफिस यांस,


आपण १४ एप्रिल २०२९ रोजी पहाटे सव्वातीनच्या सुमारास पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार, असं कळलं. पाच मिनिटंही इकडेतिकडे नाही म्हणे! आमच्या गावाला याचं फार अप्रूप. मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला रेल्वे होती तेव्हा 'गाडी किती वाजता?' असं कोणी विचारत नसे. 'आज आहे का?' एवढंच विचारत. त्या ७६ किलोमीटरला ती तासन्‌तास घेई. आपण सेकंदाला सात किलोमीटरच्या वर धावणार, म्हणजे दहा-अकरा सेकंदांत अचलपूर!

१४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. आदल्या रात्री बाराच्या ठोक्याला चौकात फटाके उडतात. ते आपल्या स्वागताचे समजून खाली उतरू नये, ही नम्र विनंती.

परवा पानटपरीवर एकाने माझ्या नाकासमोर मोबाईल धरला. लाल अक्षरांत 'महाविनाश', खाली पेटलेली पृथ्वी.

"भाऊ, हा गोटा आपल्यावरच पडून राह्यला का?"

"नाही ना बाप्पा. बत्तीस हजार किलोमीटरवरून जाऊन राह्यला."

"मंग लय दूर आहे!"

दूर कसलं? घरावरची डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसली आहे, तो ३६ हजार किलोमीटरवर. आपण त्याच्याही आतून जाणार. म्हणजे त्या रात्री टीव्हीवर महाविनाशाची बातमी येईल ती महाविनाशाच्या पलीकडून!

अफवेला मूळ आहे, हे कबूल. १९ जून २००४ ला आपण अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून दिसलात आणि डिसेंबरात धडकेची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली. धडकेचा धोका मोजणाऱ्या टोरिनो मापावर चार. तो अंक दुसऱ्या कोणाला अजून गाठता आलेला नाही. पुढे मार्चमधली जुनी छायाचित्रं सापडली, त्यांत आपण होतात आणि २०२९ ची भीती संपली. मार्च २०२१ मध्ये रडारने नेमकं मोजमाप घेतलं, तेव्हा पुढची शंभर वर्षंही मोकळी झाली. टपरीवरच्या मोबाईलपर्यंत २००४ पोचलं. २०२१ अजून वाटेत आहे. शकुंतलेनं निघालं असावं.

नावाचं म्हणाल तर अपोफिस हा इजिप्तचा सर्परूपी असुर. आम्ही त्याला भीत नाही. आमच्या पानमळेवाल्या बारी मंडळींच्या कितीक पिढ्या नागवेलीवर जगल्या. भीती आहे ती आपल्या भाऊबंदांची. त्यांतला एक लोणारला न कळवता आला आणि काळ्या पाषाणात १.८ किलोमीटरचा खड्डा करून गेला. कधी आला तेही धड सांगितलं नाही. कोणी पन्नास हजार वर्षं म्हणतं, कोणी पावणेसहा लाख.

म्हणून आधी तह करू. त्यात आमचं गाव अनुभवी. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह इथेच झाला. कागद सुर्जी-अंजनगावचा, मुलूख गेला गंगा-यमुनेच्या दुआबातला! आधी अडगावची लढाई गेली होती, मग गाविलगडही पडला होता. वाटाघाटीत शिंद्यांकडे वजन उरलं नव्हतं.

या खेपेला वजन आमच्याकडे आहे, आणि तेही खरंखुरं. आपण सरासरी ३४० मीटरचे, आम्ही पृथ्वी. आज आपलं वर्ष ३२४ दिवसांचं आहे. आमच्या दारावरून गेलात की पृथ्वी आपल्याला असं काही ओढील की जाताना ते जवळपास चौदा महिन्यांचं झालेलं असेल. आजवर आपली गणना लघुग्रहांच्या एटेन गटात. मग अपोलो गटात नाव लागेल. एका रात्रीच्या भेटीत वय, वर्ष आणि कूळ बदलणारं सासर दुसरं नसेल. वय कसं, म्हणाल तर वर्ष लांबलं की वाढदिवस कमी!

नासाचं यान बेन्नू या लघुग्रहाची माती २०२३ मध्ये पोचती करून आता आपल्याकडे निघालं आहे. पण ते गाठणार आपण आम्हाला भेटून पुढे गेल्यावर. आमच्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात.

आपला,
अंजनगाव सुर्जीचा एक पानमळेवाला

ता. क. रडारमध्ये आपण भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसता, हे टपरीवरच्या त्या पोराला सांगितलं. तो म्हणतो, "मंग आत दाणे किती?" उत्तर यानासोबत पाठवावे.