हुमायूनचे खिळे आणि आत्याची पायरी

बडोदेकरांना पायऱ्यांचं अप्रूप नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १४०५ सालची नवलखी वाव आहे, तिच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. गायकवाडांच्या सवाऱ्या हत्तीवरून निघायच्या, पण हत्ती आधी खाली बसायचा आणि मग त्याला शिडी लागायची. म्हणजे ज्याच्यावर चढायचं तो निम्मी वाट तरी आपणहून खाली यायचा. माझ्या आतेभावाने घेतलेली फोर बाय फोर जीप बसत नाही.

ही जीप त्याने डोंगरदऱ्यांसाठी घेतली. तिने तोवर चढलेला सर्वांत अवघड घाट म्हणजे अलकापुरीतल्या एका पार्किंगचा रॅम्प. तेव्हा चांपानेर, पावागड आणि पुढे जांबुघोड्याचं जंगल असा बेत ठरला आणि आत्या म्हणाली, "मीही येते. वांधा नाही."

वांधा होता. टेप लावून पाहिलं तर जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत २४ इंच. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे घरच्या जिन्याची पायरी फार तर १९ सेंटीमीटर, म्हणजे साडेसात इंच उंच असावी. या हिशेबाने आत्याने तीन पायऱ्यांचा जिना एका ढांगेत चढायचा होता, तोही सहावारी नेसून, मांजलपूरच्या अख्ख्या सोसायटीच्या साक्षीने. तिने दार धरून एकदा जोर लावला. दाराचा स्वभाव फिरण्याचा, ते फिरलं. त्याच्याबरोबर आत्याही अर्धी प्रदक्षिणा घालून पुन्हा जमिनीवरच राहिली.

"बाजूला बसवायची तयार पायरी मिळते बाजारात," मी म्हणालो.

"ती खाली लोंबते. दगडाला लागते. ग्राउंड क्लिअरन्स जातो," आतेभाऊ म्हणाला. अलकापुरीच्या रॅम्पवर दगड कुठला, हे मी विचारलं नाही.

मग घरगुती प्रयोग सुरू झाले. प्लॅस्टिकचं स्टूल इतकं उंच निघालं की त्यावर चढायला दुसरं स्टूल लागलं असतं. बायकोने माळ्यावरचा पाट काढला, तर आत्या कडाडली, "ज्यावर जेवायला बसतो त्यावर चपला घेऊन उभी राहू?" विटांचा विषय मी काढला आणि मीच मागे घेतला.

शेवटी मिस्त्रींना गाठलं. लाकडाच्या वखारीला इथे लाटी म्हणतात; तिथून १८ मिलिमीटरचं प्लायवूड आणलं. दोन पायऱ्यांची पेटी ठरली. पहिली पायरी ८ इंचांवर, दुसरी १६ वर, आणि उरलेल्या ८ इंचांवर जीपचा उंबरा. रुंदी १५ इंच, म्हणजे दोन्ही पावलं शेजारी शेजारी टेकवून दम खाता येईल. वर जुन्या स्कूटरचं रबरी मॅट खिळवलं, खाली चार कोपऱ्यांना म्हाताऱ्यांच्या काठीला असतात ती रबरी बुचं. मिस्त्रींनी करवत खाली ठेवून आत्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "बा माटे छे ने? तो हाथी चढे एवुं बनावी दऊं." आत्याला गुजराती कळायला नको होतं, असं त्या दिवशी फार वाटलं. तिचं सगळं शिक्षण बडोद्यातच झालेलं.

पेटी उत्तम झाली. पण रंगीत तालमीत शास्त्रीय अडचण निघाली. सगळे चढले की पायरी खाली राहते. पायरी उचलायची तर एकाने खाली राहायचं, आणि मग तो कशावरून चढणार? यावर तोडगा निघाला कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीचा. एक टोक पेटीला, दुसरं शेवटी चढणाऱ्याच्या हातात. आमच्या जीपला मागची दारं नाहीत. पुढची सीट कलंडवून आधी मागच्यांनी आत सरपटायचं, मग आत्याने पुढे बसायचं. म्हणजे शेवटची चढणारी आत्या. दोरी तिच्या हातात गेली, आणि तिच्यामागोमाग सहलीची सगळी सूत्रंही. ती सीटवर स्थिरावायची, दोरी ओढून पेटी वर घ्यायची आणि मागे न बघता खांद्यावरून माझ्याकडे द्यायची. मागच्या सीटवर जागा बेताची. बडोदा ते चांपानेर पन्नासएक किलोमीटर मी त्या पेटीसह प्रवास केला. पेटी माझ्या मांडीवर, हनुवटी वरच्या पायरीवर.

हालोलला चहाला थांबलो. दार उघडलं, पेटी बाहेर आली, दोरी सुटली, मग आत्या अवतरली. टपरीवरचे लोक कप हातात धरून बघत राहिले. एका काकांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि गुजरातेत कुठल्याही वस्तूला विचारला जातो तो पहिला प्रश्न विचारला, "केटलामां पड्युं?" आत्याने मजुरी वगळून आकडा सांगितला.

चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याने १४८४ मध्ये किल्ला घेतला आणि इथे राजधानी वसवली. गावाबाहेर, बडोद्याच्या रस्त्यालाच, एक गोल वाव आहे. तिचा जिना भिंतीला चिकटून वळत वळत खाली जातो. आत्याने काठावर उभं राहून पायऱ्यांची उंची नजरेनेच मोजली आणि पसंती दिली.

पण मला इथे हुमायून भेटला. १५३५ मध्ये वेढा घालूनही किल्ला पडेना, तेव्हा त्याने रात्री कड्यात लोखंडी खिळे ठोकवले आणि त्या खिळ्यांवर पाय देत माणसं वर चढवली. अकबरनाम्यात अगदी रांगेतला क्रमही दिला आहे : एकोणचाळीस माणसं आधी गेली, चाळिसावा बैरामखान, एकेचाळिसावा खुद्द बादशहा. उंच ठिकाणी चढायला घरीच केलेली पायरी, एवढंच ते प्रकरण. शिवाय सगळे वर गेल्यावर खिळे कोण काढणार, ही फिकीर त्याला नव्हती. किल्लाच त्याचा होणार होता. मी हे आत्याला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "त्याने साडी नेसली नव्हती."

पावागडावर मात्र आमची सगळी सुतारकी वाया गेली. जीप पायथ्याशी ठेवून एसटीने माचीपर्यंत गेलो, तिथून १९८६ पासून चालणारा रोपवे. रोपवे संपल्यावरही कालिकामातेच्या देवळापर्यंत पायऱ्या उरतातच, आणि त्या आत्या एकदाही न थांबता चढली. मी दोनदा बूट बांधण्याच्या निमित्ताने बसलो. खाली जीपपाशी आल्यावर तिने मात्र कमरेवर हात ठेवले. "पायरी आणा."

जांबुघोड्याचं अभयारण्य अस्वलं आणि बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. आम्हाला दोन्हींपैकी काही दिसलं नाही, पण आत्या चढली की घाईने दोरी ओढायची. अस्वलाला आयती पायरी कशाला, असं तिचं म्हणणं. पावसाने भिजलेल्या एका शेतवाटेवर उतरलो आणि परत चढायच्या वेळी पेटीचे चारही पाय चिखलात सावकाश रुतले. ८ इंचांची पायरी पाहता पाहता ५ वर आली. आतेभाऊ सपाट दगड शोधायला गेला, मी दोरी ओढली, दोरीबरोबर फक्त चिखलाचा आवाज आला.

गुरं घेऊन चाललेला एक पोरगा हे सारं पाहत उभा होता. तो म्हणाला, "गाडी नीची राखो. बा ऊंचां ऊभां रहे." शेजारी शेताचा दीड-दोन फुटी बांध होता. जीप बांधाला लावली, आत्या बांधावरून चालत आली आणि स्वयंपाकघरातून माजघरात जावं तशी सरळ आत गेली. पोरगा गुरांमागे निघूनही गेला. परतीच्या वाटेवर आत्याने आतेभावाला रस्ता दाखवायचं सोडून बांधच दाखवले.

शहरात बांध नसतात, म्हणून पेटी अजून जीपमध्येच आहे. चिखलासाठी तिच्या तळाला आता आडवी फळी ठोकली आहे. तुम्हीही अशी उंच गाडी घेणार असाल, तर शोरूममध्ये जाताना घरातली सगळ्यांत वयस्कर बाई सोबत न्या आणि आधी तिला चढायला सांगा. मायलेज नंतर विचारा. पायरी करायचीच झाली तर रुंदी १५ इंचांखाली नको, दोरी सहा फूट ठेवा, आणि वाटेत ती पायरी कोणाच्या मांडीवर राहणार हे घरून निघण्यापूर्वीच ठरवून टाका.