काढा, वाफारा आणि कबुतर

मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान पुण्यात झालं आणि औषधयोजना आमच्या कडा गावात. पुण्याच्या डॉक्टरांनी एमआरआयमधले पांढरे ठिपके दाखवून सगळं समजावलं होतं. आमच्या गावानं ठिपके न बघताच रोग ओळखला: लकवा. २०२२ पासून कड्याला रेल्वे थांबते, पण बातमी गाडीच्या आधीच घरी पोचली होती.

सर्वांत आधी आत्या आली, निर्गुडीचा पाला घेऊन. "बाई, वात शिरलाय अंगात. वाफारा घे, समदा भाईर पडतोय बघ." एप्रिलचं ऊन, अंगावर घोंगडी आणि आत उकळतं पातेलं. घोंगडीतून डोकं काढलं तर समोर आत्याच्या जागी लुगड्याचा नुसता रंग दिसत होता. तासाभरात अंग निवलं, आत्या पुन्हा नाकीडोळी स्पष्ट झाली आणि म्हणाली, "बघ, नजर खुलली!"

श्रमानं नजर अशी तात्पुरती मंदावते हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्येच नोंदवलं होतं; खरं कारण अंगातली उष्णता, हे नंतर कळलं. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असलं की अंग थोडं तापलं तरी संदेश अडखळतो. निवलं की पूर्ववत. एमआरआय यायच्या आधी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून हा रोग पडताळून बघत. म्हणजे आत्यानं उपचार म्हणून जे केलं, ती खरं तर जुनी तपासणी होती. तपासणी चोख झाली, एवढं म्हणायला हवं.

हा आजार बहुतेकांत झटक्यांनी येतो आणि काही आठवड्यांत पुष्कळसा ओसरतो. काही केलं तरी, न केलं तरी. त्यामुळे ओसरायच्या वेळी जो दारात उभा, त्याला श्रेय. माझ्या पायातल्या मुंग्या गेल्या त्या आठवड्यात मावशीचा उतारा झाला होता, चुलत दिरांचा गंडा बांधला होता आणि पुण्याचं स्टेरॉईडही चालू होतं. स्टेरॉईडचं नाव कुणी घेतलं नाही.

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस द'एस्ते याला हा रोग १८२२ मध्ये जडला. त्याच्या रोजनिशीत सगळी लक्षणं आहेत आणि उपायही आहेत: स्नानं, चोळणं, दोन वेळा गोमांस, वर शेरी आणि मडेरा वाईन. राजघराण्यालासुद्धा आत्या असतातच.

लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात, हा सल्ला मी कबुतराच्या वतीनं नाकारला. मग भाच्यानं मोबाईलवर मधमाश्यांचा उपाय पाठवला. तो नेदरलँड्समध्ये रीतसर करून बघितलेला आहे: २६ रुग्ण, २४ आठवडे, आठवड्यातून तीनदा, एका वेळी वीसपर्यंत डंख. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आला: उपयोग शून्य. त्या २६ जणांच्या सोशिकपणाला मात्र तोड नाही.

लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पण मावशी जाहिरात करत नाही, ती डबा घेऊन घरी येते. डब्यात गुळवेलीचा काढा. "परतिकारशक्ती वाढती." इथं माझी पंचाईत होते. या आजारात माझीच प्रतिकारशक्ती माझ्या मज्जातंतूंवर उठलेली आहे. तिला आवरायला महागडं इंजेक्शन चाललंय आणि मावशी तिलाच खुराक द्यायला निघालीय! शिवाय कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. पण या आजाराच्या काही औषधांवर यकृत तसंही वरचेवर तपासावं लागतं, तेव्हा माझं यकृत या वादात पडायला तयार नाही.

हे सगळं मावशीला सांगणं अवघड. तिच्या हातात दुसरं काही नाही, आणि नुसतं बसून बघणं तिला जमत नाही. म्हणून मी एक वाटणी केलीय. उतारा, गंडा, अंगारा, नवस यांना घर मोकळं. पोटात जाणारी वस्तू मात्र आधी पुण्याला विचारून.

तुमच्याही घरी असा डबा येत असेल, तर "आणखी काही घेता का?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला "काही नाही" म्हणू नका. पुडी पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवा, आणि चालू असलेलं इंजेक्शन कुणाच्याही आत्याच्या सांगण्यावरून बंद करू नका.