आम्ही चौघे आणि एक सांगाडा

अमेरिकेहून येणाऱ्या माणसाला तेवीस किलोची बॅग मिळते आणि तिच्यावर समस्त नातेवाइकांचा सामायिक हक्क असतो. आमच्या भाच्याने या खेपेला त्यातले जवळजवळ दहा किलो एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर उधळले. माझ्या बहिणीने मोठ्या आशेने झाकण उघडलं. आत बदाम नव्हते, राक्षस होते.

खेळाचं नाव ग्लूमहेवन. आयझॅक चिल्ड्रेस नावाच्या गृहस्थाने तो रचला आणि २०१७ साली बाजारात आणला. गृहस्थ पदार्थविज्ञानातले पीएचडी आहेत. कुणी सांगितलं नसतं तरी नियमपुस्तक हातात घेतल्यावर संशय आलाच असता. ९५ मोहिमा, दीड हजारांवर पत्ते, १७ प्रकारचे वीर. त्यातले ६ सुरुवातीला निवडायला खुले, बाकीचे सीलबंद. एकेका वीराचं एकेक जीवितध्येय असतं, ते पुरं झालं की तो निवृत्त होतो आणि त्याच्या जागी नवा येतो. पेन्शनचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

"फासे कुठायत?" बायकोने विचारलं.

फासे नाहीतच. शकुनीमामाला इथे काहीच काम नाही. त्याऐवजी प्रत्येकाला वीस पत्त्यांची एक गड्डी मिळते. वार केला की वरचा पत्ता उलटायचा. तो कधी वाराची ताकद वाढवतो, कधी घटवतो. एक पत्ता ती दुप्पट करतो आणि एक वारच फुकट घालवतो. विसांत एक! माझ्या गड्डीत तो एक बहुतेक वेळ सगळ्यात वर राहायला आला होता.

वीर निवडताना बायकोने क्रॅगहार्ट घेतला. हा दगडी अंगाचा धिप्पाड प्राणी. त्याच्या काही पत्त्यांनी शेजारचे शत्रू जखमी होतात आणि शेजारचे मित्रही. हे वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि पत्ते हातात नीट लावून घेतले. मी ब्रूट, म्हणजे पुढे होऊन मार खाणारा. भाचेसून मंत्र टाकणारी स्पेलवीव्हर. भाच्याने टिंकरर घेतला, पण त्याची खरी भूमिका नियमपुस्तकाची. चौघांत त्यानेच ते वाचलेलं होतं, त्यामुळे त्याच्या निकालावर अपील नव्हतं.

दर फेरीला हातातले दोन पत्ते निवडायचे. एकाचा वरचा अर्धा वापरायचा, दुसऱ्याचा खालचा. पत्त्यावर एक आकडा असतो. ज्याचा आकडा लहान, तो आधी हलणार. पण हा आकडा साथीदारांना सांगायचा नाही. "मी जरा लवकर जाईन" एवढंच बोलायची मुभा.

"लवकर म्हणजे?" बायको.

"म्हणजे... लवकर."

"तुमचं लवकर मी पंचवीस वर्षं पाहतेय. नक्की आकडा सांगा."

"मामी, नाही सांगायचा!" भाचा ओरडला.

पहिल्या मोहिमेत जेकसेरा नावाची एक बाई आपल्याला पैसे देऊन ब्लॅक बॅरो नावाच्या थडग्यात पाठवते. खजिन्यासाठी नव्हे, राजकन्येसाठी नव्हे. तिची काही कागदपत्रं चोरीला गेलेली असतात, ती आणायची. कागदपत्रांपायी जीव धोक्यात घालायचा हे मराठी माणसाला पटवून द्यावं लागत नाही. बायको तर दाराशी जाऊन उभीसुद्धा राहिली.

या खेळात मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे इथे वीर मरत नाही, दमतो. वापरलेले पत्ते विश्रांती घेतली की परत हातात येतात, पण दर विश्रांतीला एक पत्ता त्या मोहिमेपुरता गमवावा लागतो. असे झिजत झिजत पत्ते संपले की वीर बाहेर. मी लहानपणापासून ज्या शूरांच्या गोष्टी ऐकल्या त्यातले सगळे धारातीर्थी पडले, "आता जरा टेकतो" असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. पन्नाशीनंतरच्या शौर्याची इतकी खरी समज मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिली नाही. भाचेसून वयाने सगळ्यात लहान, पण स्पेलवीव्हरकडे पत्ते आठच. ती आमच्याआधी दमली आणि आत जाऊन तिने पोहे केले. मोहिमेतली सर्वांत उपयोगी चाल तीच.

शेवटी शत्रूंपैकी उरला एकच सांगाडा, तोही मोडकळीला आलेला. आता गंमत अशी की मेलेल्या शत्रूच्या जागी नाणं पडतं आणि आपली पाळी संपताना पटावरच्या त्या घरात उभं असलं की ते मिळतं. शेवटचा शत्रू पडला की ती फेरी संपताच मोहीम संपते आणि जमिनीवरची नाणी तिथेच राहतात. शिवाय एकमेकांना पैसे देता येत नाहीत. नवरा-बायकोतही नाहीत, हे मी विचारून घेतलं.

त्यामुळे तीन सशस्त्र वीर एका सांगाड्याची काळजी घेऊ लागले. "मारू नकोस, माझं एक राहिलंय!" "थांब रे, त्या कोपऱ्यातलं उचलते." सांगाड्याला मात्र आमची कदर नव्हती. तो एका दमात दोघांवर वार करतो, आणि तो ते करत राहिला. मी चालत चालत नाण्याच्या एक घर अलीकडे पोचलो. पुढच्या फेरीत ते माझं. तेवढ्यात बायकोची पाळी आली. तिची वेचणी पुरी झाली होती. तिने शांतपणे एक पत्ता टाकला, दगड उसळले, सांगाडा कोसळला आणि मलाही लागलं.

"मोहीम फत्ते झाली ना? मग झालं तर," ती म्हणाली.

गावात परतल्यावर मंदिरात दहा मोहरा दान केल्या की गड्डीत दोन आशीर्वादाचे पत्ते घालून मिळतात. बायकोने लगेच पावती फाडली. माझ्याकडे दहा नव्हत्या.

तुम्हाला खेळायचं असेल तर हा खोका विकत घेऊ नका, ज्याने घेतलाय आणि नियमही वाचलेत असा नातेवाईक शोधा. जेवणाचं टेबल दिवसभर मिळणार नाही, तेव्हा आधी जेवून घ्या. आणि पहिल्यांदा टिंकरर मागून घ्या. त्याच्याकडे बारा पत्ते असतात, सुरुवातीच्या सहा वीरांत सगळ्यात जास्त.