व्युत्पत्तिकाका

हैदराबादेत विद्यानगरातल्या जुन्या मराठी घरांत असे एक काका हमखास सापडतात. नोकरीतून निवृत्त झालेले, शब्दांतून नाही. वडील उस्मानिया विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकले तेही उर्दूतून. १९१८ साली विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमातच. शेजार तेलुगू, भाजीवाल्याशी दखनी, पेन्शनचे अर्ज इंग्रजीत आणि चिडणं तेवढं मराठीत. अशा माणसाला शब्दांची मुळं उकरायची खोड लागली नाही तरच नवल.

त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द उच्चारणं म्हणजे संध्याकाळ गमावणं. निवडणुकीचा उमेदवार हात जोडून दारात आला की मत राहतं बाजूला. "कँडिडेट म्हणजे काय, ठाऊक आहे? रोममध्ये उमेदवार खडूनं पांढराफेक केलेला झगा घालून फिरत. कँडिडस म्हणजे शुभ्र!" उमेदवार स्वतःच्या खादीकडे बघतो आणि पुढच्या दाराकडे सटकतो. जावयांनी एकदा भाजीला 'नाइस' म्हटलं. काकांनी वाढता डाव थांबवून सांगितलं की लॅटिनात याचं मूळ 'नेस्कियस', म्हणजे अडाणी. जावई हल्ली मुकाट्यानं जेवतात. (काकूंना हे 'नाइस' अजून खुपतं, कारण भाजी त्यांची होती.)

परवा अपार्टमेंटच्या कंपाउंडखाली घुशीनं हे एवढं बीळ पाडलं. वर्गणी काढून बंदोबस्त करायला सगळे खाली जमले. कुणाच्या तरी तोंडून 'बँडिकूट' निसटलं, आणि संपलं. "अहो, हा तर तुमच्या तेलुगूतला! पंदिकोक्कू. पंदी म्हणजे डुक्कर, कोक्कू म्हणजे उंदीर. हॉब्सन-जॉब्सनमध्ये आहे, १८८६ चा कोश!" तेलुगू मंडळी सुखावली. तिथंच थांबावं की नाही? "पण घुशीचा काळ जो माँगूस, तो आमचा. मराठी मुंगूस, व्हाया पोर्तुगीज."

समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मुंगिसा. आमच्यातही आहे. मूळ द्राविडीच असणार."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "चला वर, कोश काढू!" दोघंही तरातरा जिना चढले. सेक्रेटरी वर्गणीचं पुस्तक हातात धरून जिन्याकडे बघत राहिला. शेवटी वॉचमननं बिळात विटांचे तुकडे कोंबले. रात्री अकराला काकांच्या खिडकीतून "पान उलटा, पान उलटा" ऐकू येत होतं, आणि कंपाउंडपाशी वीट सरकल्याचा आवाज.