साडेसहा हजार किलोमीटर कोणी कापले?

नोव्हेंबर 2024 मध्ये डीएपी खताच्या टंचाईवरून देशभर ओरड झाली, तेव्हा केंद्र सरकारने कारण दिलं. जानेवारीपासून तांबडा समुद्र धोक्याचा झालाय, म्हणून खताची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून येतात आणि त्यांना 6500 किलोमीटर जास्त पडतात. कारण खरं होतं. त्यावर रकानेच्या रकाने भरले: किती टन आलं, किती यायचंय, अनुदान किती वाढवलं. ते साडेसहा हजार किलोमीटर ज्यांनी कापले, त्यांच्याबद्दल मला एक ओळ वाचायला मिळाली नाही. जहाज जणू आपलं आपणच आलं.

झाशीत बसून समुद्राची उठाठेव कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटी मोंठ, चिरगाव, मऊरानीपूर, कुठल्याही साधन सहकारी समितीसमोर जाऊन उभं राहावं. पहाटेपासून माणसं असतात. हातात आधार कार्ड आणि खतौनीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल. आत मशीनवर अंगठा उमटला तर गोणी, नाहीतर उद्या या. मटार, हरभरा, मसूर, गहू, सगळ्यांची पेरणी त्याच पंधरवड्यात अडकलेली असते आणि जमिनीतली ओल कोणासाठी थांबत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये शेजारच्या ललितपुरात खताच्या रांगेत उभ्या शेतकऱ्याचा जीव गेला. बुंदेलखंडात डीएपी हा जिवावरचा विषय आहे.

आणि हे डीएपी समुद्रावरून येतं. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त बाहेरून तयार होऊन येतं, मोरोक्को, सौदी अरेबिया, जॉर्डन, चीन इथून. जे आपण इथे बनवतो, त्याचाही रॉक फॉस्फेट आणि फॉस्फोरिक ॲसिड हा कच्चा माल मुख्यतः आयातीचाच. मुंद्रा, कांडला अशा बंदरांत ते सुटं उतरतं, तिथे गोण्या भरतात, मग रेल्वेने आत येतं. मध्यम आकाराच्या एका बल्क कॅरियरमध्ये 50 हजार टन माल मावतो. म्हणजे 50 किलोच्या 10 लाख गोण्या. रेल्वेच्या एका रेकमध्ये अडीच-पावणेतीन हजार टन बसतात, तेव्हा एका जहाजातून अठरा-वीस रेक भरतात. आता हे जहाज चालवायला माणसं किती? कॅप्टनपासून मेसमनपर्यंत वीस-बावीस. दहा लाख गोण्यांना बावीस माणसं.

ही माणसं करतात काय, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. कॅप्टन दुर्बीण घेऊन उभा असतो, एवढंच सिनेमातलं चित्र डोळ्यांपुढे येतं. म्हणून एकच काम जवळून सांगतो. जहाजाने आधीच्या फेरीत कोळसा नेला असेल आणि आता खत भरायचं असेल, तर मधल्या दिवसांत होल्ड धुवायचे असतात. होल्ड म्हणजे माल भरायची कोठी. अशा पाच कोठ्या, एकेक पाच-सहा मजली इमारतीइतकी खोल. बोसन, एबी आणि ओएस हे डेकवरचे खलाशी शिडीने खाली उतरतात. त्याआधी आतल्या हवेत ऑक्सिजन पुरेसा आहे का, हे तपासावं लागतं, कारण कोळसा बंद जागेतला ऑक्सिजन खातो आणि न तपासता उतरलेली माणसं तळाशी पोचायच्या आत कोसळल्याची उदाहरणं जगभर आहेत. मग झाडायचं, खरवडायचं, समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं, पुन्हा गोड्या पाण्याने, कारण मीठ राहून चालत नाही. वरच्या कडांवर साचलेली काजळी काढायला लांब बांबू किंवा उंच शिडी, आणि हे सगळं डोलत्या जहाजावर. तळातल्या बिल्जच्या खड्ड्यांवर गोणपाट लावायचं. कोठीच्या झाकणाची, हॅच कव्हरची, रबरी पट्टी तपासायची, कारण डीएपी पाणी ओढतं; लाटेचं पाणी आत झिरपलं तर खताचा दगड होतो. बंदरात सर्व्हेअर येतो, भिंतीवर पांढरा कपडा फिरवतो. कपडा काळा निघाला की जहाज नापास, पुन्हा धुवा. चिरगावच्या शेतकऱ्याच्या हातात मोकळं, दाणेदार खत पडतं, त्यामागे ही धुलाई असते.

आता त्या साडेसहा हजार किलोमीटरकडे परत या. बल्क कॅरियर 12 नॉटने चालतं, म्हणजे दिवसाला सव्वापाचशे किलोमीटर. हिशेब सोपा आहे: बारा दिवस जास्त. एरवी सुएझमार्गे येणारं जहाज आफ्रिकेचं टोक ओलांडून येतं, तेव्हा खलाशाच्या वाट्याला चार तास ड्यूटी, आठ तास सुट्टीचे बारा जादा दिवस येतात, आणि त्या आठ तासांतही देखभालीची कामं आणि ओव्हरटाइम असतो. इंजिन रूममध्ये 45 अंश गरमी. दक्षिणेकडच्या हिवाळ्यात केपचा समुद्र असा उसळतो की बंकवर माणूस झोपत नाही, नुसता पट्टी धरून पडून राहतो. कुकला मात्र त्या दिवशीही बावीस जणांचा स्वयंपाक चुकत नाही.

आणि जी जहाजं वळसा न घालता गेली? 18 फेब्रुवारी 2024 रोजी येमेनच्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र ‘रुबिमार’ या मालवाहू जहाजाला लागलं. 2 मार्चला ते बुडालं. जहाजांवरच्या हल्ल्यांच्या त्या मोहिमेत हूथींनी बुडवलेलं ते पहिलं जहाज. त्यात काय होतं? सुमारे 21 हजार टन खत. म्हणजे ज्या मालासाठी आपण रांगेत उभे असतो, त्याच जातीचा. जहाजावर 24 जण होते, त्यात 3 भारतीय. ते वाचले, दुसऱ्या जहाजाने त्यांना उचललं. 6 मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तसाच हल्ला झाला, तिथे तिघे खलाशी मेले, उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने बाहेर काढलं. त्याआधी 26 जानेवारीला ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला क्षेपणास्त्राने आग लागली. आत नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखाच ज्वालाग्राही माल. जहाजावरचे 22 भारतीय आणि 1 बांगलादेशी पळाले नाहीत. तासन्‌तास आगीशी झुंजले, नौदलाच्या ‘विशाखापट्टणम’ची मदत पोचली आणि जहाज वाचलं. कॅप्टन अविलाष रावत आणि त्यांच्या खलाशांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, आयएमओने, त्या वर्षीचं असामान्य शौर्याचं पारितोषिक दिलं. झाशीत शौर्य या शब्दाला वजन आहे. इथे चौकाचौकात त्याचे पुतळे आहेत. या 23 जणांची नावं इथल्या एका तरी शाळेत वाचून दाखवली गेली असती, तर मला आनंद झाला असता.

पैशाचंही बघू. गोणी शेतकऱ्याला 1350 रुपयांनाच मिळावी म्हणून सरकारने 2024 मध्ये डीएपीवर टनामागे 3500 रुपयांचं खास पॅकेज दिलं. योग्य केलं. वाढलेला खर्च भरून द्यायलाच हवा होता. जहाजमालकाने वळशाचं भाडं वाढवून घेतलं, विमा कंपनीने हप्ता वाढवला. खलाशाचं काय? ज्या जहाजांवर खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचा करार लागू आहे, तिथे युद्धक्षेत्रात शिरण्याआधी नकार द्यायचा हक्क आणि शिरल्यास जादा मोबदला असतो. तो हक्क संघटनांनी भांडून मिळवलाय. पण करार नसलेल्या, जुनाट, कुठल्या तरी भलत्या देशाचा झेंडा लावलेल्या जहाजांवर ‘नको’ म्हणणारा खलाशी पुढच्या बंदरात उतरवला जातो, तिकीटही पदरचं. आणि कित्येकदा मालकच हात वर करतो. पगार बंद, डिझेल संपलेलं, पाणी संपत आलेलं आणि जहाज परक्या बंदराबाहेर नांगरून. याला परित्यक्त जहाज म्हणतात. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघाने 2024 मध्ये अशी 312 जहाजं आणि 3133 खलाशी नोंदवले. त्यांत सगळ्यांत जास्त भारतीय होते, 899. हा आकडा आपल्याला बोचायला हवा. जगाला खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत आपण आहोत, असं अभिमानाने सांगायचं आणि टाकून दिलेल्यांतही पहिला नंबर आपला, हे गिळून टाकायचं, हे जमणार नाही.

मराठी माणसाला तर याचा विसर पडायचं कारणच नाही. ज्या नेवाळकरांनी झाशीवर राज्य केलं, त्यांचं मूळ गाव कोट, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातलं. त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर गेली, डेकवर आणि बॉयलरपाशी राबली. एक शाखा घाट चढून तलवार घेऊन उत्तरेत आली, तिची गाणी झाली. दुसरी मुंबईच्या गोदीतून आगबोटीवर चढली, तिची नोंद शोधावी लागते. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रानेच ज्यांना पोटात घेतलं अशा दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. मुंबईला जाणारे झाशीकर गेटवेवर फोटो काढून येतात. एकदा तिथेही जा.

एवढ्या लोकांकडे कानाडोळा का होतो, याचं एक साधं उत्तर आहे. समुद्रावर असताना खलाशी मत देऊ शकत नाही. 2024 च्या लोकसभेला सीमेवरच्या जवानाला टपाली मतदान होतं, परदेशातल्या दूतावासातल्या कर्मचाऱ्याला होतं. समुद्रावर देशाचा माल वाहणाऱ्या खलाशाला नव्हतं. आकारमानाने देशाचा 95 टक्के व्यापार समुद्रावरून होतो, आणि तो वाहणाऱ्यांना निवडणुकीत मोजत नाहीत. खलाशांच्या संघटना टपाली मतदानाची मागणी कधीपासून करताहेत. बुंदेलखंडातल्या खासदारांनीही ती संसदेत मांडावी. खताचा प्रश्न मांडताना त्यांचा घसा सुकतो. त्याच भाषणात एक परिच्छेद याचा घाला.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत निकडीचं. समुद्र झाशीत दुसऱ्या दाराने येतो, एजंटच्या दाराने. ‘मर्चंट नेव्हीत भरती, दहावी पास, डॉलरमध्ये पगार’ असली पोस्टरं समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यांतच जास्त चिकटतात, कारण तिथे विचारायला घरात कोणी बोटीवरचं नसतं. रत्नागिरीत काका, मामा, शेजारी कोणीतरी सांगतो की बाबा, ही कंपनी बोगस आहे. इथे कोण सांगणार? पोराचा बाप जमीन गहाण टाकून लाखांनी पैसे मोजतो. पोरगा टुरिस्ट व्हिसावर आखातात पोचतो, कुठल्या तरी गंजलेल्या टगवर चढवला जातो, पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सेवापुस्तक, दुसऱ्याच्या ताब्यात, पगाराचा पत्ता नाही. महिने काढले तरी ती सेवा धड नोंदली जात नाही, म्हणजे पुढे चांगल्या कंपनीत जायची वाटही बंद. त्या 899 मध्ये भर पडते ती अशी.

नियम स्पष्ट आहे आणि तो घरोघरी पोचवायला हवा. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि परवाना असलेली कंपनी नोकरी लावण्यासाठी मुलाकडून एक रुपयाही घेऊ शकत नाही. पैसे मागितले की समजावं, हा बेकायदा धंदा आहे. खरी वाट लांब पण सरळ आहे: दहावीनंतर महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेत सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा कोर्स, मग सीडीसी, मग परवानाधारक कंपनी, अधिकारी व्हायचं असेल तर बारावीनंतर इंडियन मॅरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी. 2025 मध्ये संसदेने 1958 चा कायदा बदलून नवा मर्चंट शिपिंग कायदा केला. पण मुंबई-दिल्लीतला कायदा आमच्या कोतवालीतल्या मुन्शीला ठाऊक नसेल, तर त्या बापाच्या तोंडाला पानंच पुसली जाणार.

म्हणून झाशीच्या सेवायोजन कार्यालयाने आणि पोलिसांनी मिळून एवढं करावं. परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे, फुकट. ती छापून प्रत्येक इंटर कॉलेजात लावा, सहकारी समितीच्या भिंतीवर लावा, कारण मुलाला बोटीवर पाठवायचं स्वप्न बघणारा बाप दोन तास त्याच भिंतीकडे बघत रांगेत उभा असतो. अशा तक्रारींसाठी एक अधिकारी नेमा आणि त्याचा फोन नंबर यादीखालीच छापा. आणि ज्यांनी आधीच पैसे दिलेत, त्यांनी लाजेपोटी मूग गिळून बसू नये. महासंचालनालयाकडे आणि पोलिसांत, दोन्हीकडे तक्रार आजच द्या, मुलगा देशाबाहेर पडायच्या आत.