चिनी वाड्यात नांदावं कसं?

राजेशाही काळातल्या खात्यापित्या चिनी घराण्यात सून म्हणून जाणाऱ्या मुलीसाठी ही प्रवेशिका आहे. चार पिढ्या एका वाड्यात, हा त्या समाजाचा आदर्श. गरिबाला एवढा वाडाच परवडत नाही, तेव्हा गरिबाघरच्या सुनांनी चुलीचा भाग तेवढा वाचावा.

लग्न झालेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी, असं तिकडे सर्रास म्हणतात. तू निघताना घरच्यांनी खरोखरच पाणी ओतलं तर दचकू नकोस, काही भागांत ती रीतच आहे. आडनाव मात्र वडिलांचंच राहतं. त्याने हुरळून जाण्याआधी सासरची वंशावळ उघड. नवऱ्याचं पूर्ण नाव आहे आणि त्यातलं एक अक्षर त्याच्या पिढीतल्या सख्ख्या-चुलत भावांना सामाईक आहे, म्हणजे कोण कुठल्या पायरीवर ते नावावरूनच कळावं. शेजारी तू आहेस : माहेर चेनांचं असेल तर ‘चेन घराण्यातली’. संपलं.

तिसऱ्या दिवशी चुलीपुढे जायचं. सासूबाईंना मीठ किती लागतं हे विचारायची सोय नाही. तांग काळातल्या वांग जियान या कवीच्या कवितेतली सून रस्सा करून आधी नणंदेला चाखायला देते. बाराशे वर्षांत यापेक्षा चांगली युक्ती कुणाला सुचलेली दिसत नाही.

चुलीच्या वर चूलदेवाचं चित्र असेल. वर्षाच्या शेवटी तो स्वर्गात जाऊन घरातल्या सगळ्या भानगडी सांगतो, म्हणून निघण्याआधी त्याच्या ओठांना काहीतरी चिकट गोड लावतात. त्याच्यासमोर वर्षभर धूर खायचा तू, पण पूजा पुष्कळ ठिकाणी पुरुषच करतात. का, ते विचारू नकोस. बडबड हे बायको टाकण्याच्या सात मान्य कारणांपैकी एक आहे. उरलेली सहा : मुलगा न होणं, सासूसासऱ्यांची सेवा न करणं, व्यभिचार, मत्सर, चोरी आणि दुर्धर आजार. नवऱ्याने दुसरी घरात आणली की मत्सर विशेष आवरायचा. बचावही तीन आहेत. त्यातला एक असा, की सासूसासऱ्यांचा तीन वर्षांचा दुखवटा पाळलेल्या सुनेला टाकता येत नाही. त्यासाठी ते आधी जावे लागतात, पण घाई दिसू देऊ नये.

एवढी माणसं एकत्र राहतात कशी? सातव्या शतकात चांग गोंगयी यांच्या घरी नऊ पिढ्या एकत्र नांदत होत्या. सम्राट गाओझोंग स्वतः त्यांच्या घरी गेला आणि रहस्य विचारलं. चांग यांनी कागद मागवला आणि ‘सोसणं’ या अर्थाचं एकच अक्षर शंभर वेळा लिहून दिलं. सम्राट गहिवरला, त्याने रेशीम बक्षीस दिलं. कुणी कुणाचं सोसलं, हा तपशील त्या कागदावर नाही. मला विचारशील तर त्याने जाता जाता स्वयंपाकघरात डोकवायला हवं होतं.

आता वरच्या इयत्तेचं. लहानपणी बापाचं, मग नवऱ्याचं, वैधव्यात मुलाचं ऐकावं, हा नियम मनुस्मृती माहीत असलेल्यांना नवा नाही. गंमत अशी, की त्याच चिनी नीतिधर्माने मुलालाही आईपुढे वाकायला सांगितलंय. दोन नियम समोरासमोर आले की आई जिंकते. अठराव्या शतकातल्या ‘लाल महालातलं स्वप्न’ या कादंबरीत ज्या जंग हा मोठा अधिकारी मुलाला बदडतो, तेव्हा त्याची म्हातारी आई येऊन असं काही सुनावते, की तो गुडघे टेकतो. तेव्हा मुलगा होऊ दे आणि त्याला आपलासा करून ठेव. तैवानच्या खेड्यात राहून अभ्यास करणाऱ्या मार्जरी वुल्फ यांनी हेच टिपलं : पुरुषांच्या घराण्याच्या पोटात बाई आपलं एक छोटं घराणं उभारते, ती आणि तिची लेकरं. त्यात परकी पोर शिरली की ती का खवळते, हे आता तुझ्या सासूबाईंकडे बघून कळेल.

नम्रतेचे सात धडे हवे असतील तर हान काळातल्या बान झाओ यांचे आहेत. या बाई तरुणपणी विधवा झाल्या, भावाचा अर्धवट राहिलेला इतिहासग्रंथ त्यांनी पुरा केला, सम्राज्ञी डेंगला शिकवलं. धडे वाचच, पण बाईंचं वागणंही बघून ठेव.

एवढं करूनही कधीतरी चुली वेगळ्या होतात. भाऊ मामाला मध्यस्थ बसवतात, जमीन, भांडी, बैल सारखे वाटून घेतात, करारावर अंगठे उठवतात. गावात सांगायचं कारण मात्र आधीच ठरलेलं असतं : बायकांचं पटेना.